धक्क्यापर्यंतचं भाडं

क्रूझचं तिकीट काढताना लोक सगळं बघतात. खोलीला खिडकी आहे का, जैन जेवण मिळेल का, मुलांना पोहायला तलाव आहे का. धक्क्यावर पोचायचं कसं, हा प्रश्न पडतो तो आदल्या आठवड्यात, आणि मग मला फोन येतो. मी मुंबई पोर्ट ट्रस्टच्या हिशेब खात्यात नोकरी केली. सीएसएमटीला उतरून बॅलार्ड इस्टेटच्या ऑफिसपर्यंत वर्षानुवर्षं चालत गेलो. त्यामुळे नात्यातल्या, ओळखीतल्या कुणालाही मुंबईहून बोटीने जायचं असलं, की रस्ता मला विचारायचा, असं आता ठरूनच गेलं आहे.

अलीकडचा फोन नागपूरच्या भाचीचा. "मामा, आमचं विमान रात्री आठच्या सुमारास टी-2ला उतरतं. आम्ही दोघं, दोन मुलं, सासू-सासरे. सहा बॅगा. बोट दुसऱ्या दिवशी दुपारी. विमानतळ ते हॉटेल, हॉटेल ते बंदर आणि परत येताना बंदर ते विमानतळ, असे तीन फेऱ्यांचे मिळून सात हजार सांगताहेत. मोठी गाडी आहे म्हणे. देऊ का?"

मी तिला म्हटलं, "आज पैसे भरू नकोस. हॉटेल कुठे घेतलंयस ते आधी सांग."

हॉटेल अंधेरीला घेतलं होतं, विमानतळाजवळ. उतरल्यावर लगेच झोपता येईल म्हणून. बाहेरगावचे बहुतेक जण असंच करतात. रात्री थकून उतरल्यावर जवळचं हॉटेल बरं वाटतं, हे मला समजतं. पण हिशेब इथेच बिघडतो. विमानतळ शहराच्या उत्तर भागात आणि बंदर पार दक्षिणेला. मध्ये बावीस ते पंचवीस किलोमीटर अंतर आहे आणि ते कधी ना कधी कापावंच लागणार. आदल्या रात्री विमानतळाजवळ राहिलात, तर एक छोटी फेरी आणि एक लांब फेरी, दोन्हींचे पैसे जातात. रात्रीच फोर्टात आलात तर लांबची फेरी तेवढ्यात उरकते आणि सकाळी बंदर दीड-दोन किलोमीटरवर असतं. शिवाय दुसऱ्या दिवशी वाहतूक कुठे अडकेल, बोट चुकेल का, हा घोर राहत नाही. माझ्या मते पैशांपेक्षाही हे मोठं आहे. सासू-सासऱ्यांना आणि लहान मुलांना घेऊन निघालेल्या बाईला बोटीच्या दिवशी सकाळी शांतपणे नाश्ता करता आला पाहिजे.

फोर्ट, सीएसएमटीचा परिसर, कुलाबा, चर्चगेट या भागात साध्या लॉजपासून मोठ्या हॉटेलांपर्यंत सगळं मिळतं. कुलाब्यात दर चढे असतात. सीएसएमटीच्या आसपास जुन्या इमारतींमधली मध्यम हॉटेलं आहेत. तिथे खोल्या लहान असतात, पण एका रात्रीला चालतात. खोली घेताना एकच गोष्ट विचारून घ्यावी: लिफ्ट आहे का, आणि असली तर ती रस्त्याच्या पातळीपासून सुरू होते का. या भागातल्या जुन्या इमारतींत लिफ्टपर्यंत पोचायलाच आठ-दहा पायऱ्या चढाव्या लागतात. सहा बॅगा आणि दुखरे गुडघे असले की तेवढ्या पायऱ्याही जड जातात.

आता गाडीचं बघू. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं किमान भाडं 1 फेब्रुवारी 2025 पासून 31 रुपये आहे. ते पहिल्या दीड किलोमीटरचं. पुढे प्रत्येक किलोमीटरला 20 रुपये 66 पैसे. रात्री बारा ते पहाटे पाच यांत सव्वापट. विमानतळापासून क्रूझचा धक्का, म्हणजे बॅलार्ड पियर, चोवीस किलोमीटर धरलं, तर मीटरप्रमाणे पाचशेच्या घरात रक्कम होते. सिग्नलला आणि गर्दीत गाडी थांबली तर थोडी वर. हा आकडा प्रत्येकाने डोक्यात ठेवून विमानातून उतरावं. कुणी दीड हजार म्हणालं, तर तो कशाचे किती लावतो आहे, हे निदान विचारता येतं.

पण टॅक्सीत माणसं चार बसतात. सहा जणांना दोन टॅक्स्या लागतात, म्हणजे हजार. इथे लोक मोठ्या गाडीकडे वळतात. सहा आसनांची गाडी म्हटलं की सहा माणसं आणि सहा बॅगा, असं त्यांना वाटतं. तसं होत नाही. तिसऱ्या रांगेत माणसं बसली की मागे सामानाला वीतभर जागा उरते. काळ्या-पिवळीची गोष्ट आणखी वेगळी. मुंबईतल्या टॅक्स्या सीएनजीवर चालतात आणि गॅसची टाकी डिकीत असते. डिकीत एक मोठी बॅग आणि एखादी पिशवी, एवढंच मावतं. जुन्या पद्मिनी टॅक्सीच्या टपावर कॅरियर असायचाच. ऑक्टोबर 2023 मध्ये शेवटची पद्मिनी रस्त्यावरून गेली. आताच्या गाड्यांपैकी सगळ्यांना कॅरियर नसतो. तेव्हा टॅक्सी ठरवताना माणसं मोजायच्या आधी बॅगा मोजा आणि कॅरियर असलेली गाडी बघा. चार माणसांच्या कुटुंबाने दोन मोठ्या आणि दोन लहान बॅगांत सामान बसवलं, तर एका टॅक्सीत भागतं. चार मोठ्या बॅगा झाल्या की दुसऱ्या टॅक्सीचे पाचशे रुपये गेलेच. घरी बॅग भरतानाच वाहतुकीचा निम्मा खर्च ठरतो. तीन-चार दिवसांच्या बोटीसाठी माणशी एक मोठी बॅग लागत नाही, हे मी प्रत्येकाला सांगतो.

रिक्षा स्वस्त, पण ती वांद्रे-शीवच्या पुढे दक्षिणेला येत नाही. हे नागपूर, नाशिककडच्या लोकांना माहीत नसतं. विमानतळावरून रिक्षा करून थेट बंदरावर जाऊ, असं म्हणणारे मला भेटले आहेत.

टॅक्सीच करायची तर विमानतळातल्या प्रीपेड खिडकीवरून करावी. बाहेर येताच "टॅक्सी? टॅक्सी?" म्हणत जे बॅगेला हात घालतात, त्यांच्याकडे बघूसुद्धा नये. प्रीपेडची पावती उतरेपर्यंत आपल्या हातात ठेवायची आणि मुक्कामी पोचल्यावर, सामान उतरल्यावर चालकाला द्यायची. ॲपवरच्या गाडीत भाडं आधी कळतं हा फायदा आहे. पण विमानं एकामागून एक उतरतात त्या वेळी ते चढतं, आणि विमानतळाचा आकार आणि टोल वर पडतात. चालक विचारतो, "सी-लिंकने घेऊ?" सी-लिंकचा एका बाजूचा टोल गाडीला 100 रुपये आहे. बॅलार्ड पियरला जायचं तर त्याची गरजच असते असं नाही. चेंबूरकडून ईस्टर्न फ्रीवे धरला की तो जवळजवळ सतरा किलोमीटर विनाटोल, विनासिग्नल नेतो आणि पी. डिमेलो रस्त्यावर उतरवतो. तिथून बंदराचं दार अगदी जवळ. गोदीच्या कडेकडेने जाणारा हा रस्ता आहे. बंदराला जाणाऱ्याला हाच सोयीचा.

पण भाचीला मी टॅक्सी सुचवलीच नाही. तिला मी मेट्रोने यायला सांगितलं.

मुंबईची भुयारी मेट्रो, म्हणजे तिसरी मार्गिका, जिला अ‍ॅक्वा लाइन म्हणतात, ती ऑक्टोबर 2025 मध्ये आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली. साडेतेहतीस किलोमीटरचा हा मार्ग आहे. विमानतळाच्या टी-1 आणि टी-2 या दोन्ही टर्मिनलना तिच्यावर स्वतंत्र स्थानक आहे, आणि खाली दक्षिणेत सीएसएमटी आणि हुतात्मा चौक अशी दोन स्थानकं बंदराच्या जवळ येतात. आरे ते कफ परेड पूर्ण प्रवासाचं तिकीट 70 रुपये. म्हणजे सहा माणसांचं भाडं काही केलं तरी 420 च्या वर जात नाही, आणि चौघांचं 280 च्या वर जात नाही. पाऊण तासात, वातानुकूलित डब्यात, कुठेही न अडकता माणूस सीएसएमटीला येतो. माझी सगळी नोकरी लोकलच्या गर्दीत गेली. विमानतळावरून फोर्टात असं येता येईल, याची मी फार वाट पाहिली. मला या गाडीचा मनापासून आनंद वाटतो.

तिच्यात सामानासह जायचं तर काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. प्रत्येक बॅग क्ष-किरण यंत्रातून जाते, तेव्हा रांगेला वेळ धरावा. सरकत्या जिन्यावर मोठी बॅग आणि लहान मूल एका माणसाने सांभाळू नये. लिफ्ट आहेत, त्या शोधाव्यात, आजी-आजोबांना आणि सामानाला लिफ्टने पाठवावं. तिथे लाज किंवा घाई कशाला? भुयारात मोबाइलची रेंज भरवशाची नसते. तिकीट, हॉटेलचा पत्ता आणि फोन नंबर कागदावर किंवा स्क्रीनशॉटमध्ये आधीच ठेवावा. आणि शेवटची गाडी रात्री साडेदहाला सुटते. भाचीचं विमान आठला उतरणार, बॅगा मिळायला अर्धा-पाऊण तास, म्हणजे तिला मेट्रो सहज मिळते. दहाला उतरणाऱ्याने मेट्रोच्या भरवशावर राहू नये. त्याने सरळ प्रीपेडच्या खिडकीकडे जावं.

मेट्रोपेक्षाही स्वस्त म्हणजे लोकल. अंधेरीहून हार्बरची गाडी थेट सीएसएमटीला येते आणि दुसऱ्या वर्गाचं तिकीट दहा रुपये आहे. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, पाच ते बारामधल्याला अर्धं. एकट्या-दुकट्या माणसाला, हलक्या बॅगेला, दुपारच्या वेळी हे उत्तम आहे. मुलाबाळांसह सहा बॅगा घेऊन मी हे कुणालाही सुचवणार नाही. लोकल स्थानकावर फार तर अर्धा मिनिट थांबते. तेवढ्यात आजोबा चढले, नातू चढला आणि बॅग फलाटावर राहिली, असं होतं. माणशी फार तर साठ रुपये वाचवण्यासाठी तो धोका घ्यायचा नाही.

वेळेची एक गोष्ट मात्र बोटीच्या प्रवाशांच्या बाजूने आहे, आणि ती फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. मुंबईची गर्दी सकाळी दक्षिणेकडे जाते आणि संध्याकाळी उत्तरेकडे परतते. बोटीवर चढायचं असतं दुपारी आणि बोट परत येते सकाळी. म्हणजे आपण बंदराकडे जातो तेव्हा ऑफिसची गर्दी ओसरलेली असते, आणि परतताना सकाळी नऊ-दहाला विमानतळाकडे निघतो तेव्हा सगळं शहर आपल्या उलट दिशेने येत असतं. त्या वेळी सीएसएमटीहून विमानतळाकडे जाणाऱ्या मेट्रोत बसायला जागा मिळते. टॅक्सीचा खर्च करण्याची सगळ्यांत कमी गरज परतीच्या सकाळी असते, आणि लोक नेमकी त्याच दिवसाची मोठी गाडी आधी ठरवून ठेवतात.

परतीच्या विमानाबद्दल मात्र मी कडक आहे. बोट सकाळी सातला धक्क्याला लागणार असं कागदावर असलं, तरी उतरायला पाळी लागते, बॅगा शोधाव्या लागतात, दारापर्यंत यावं लागतं. दुपारी दोनच्या आधीचं विमान घेऊ नये. स्वस्त मिळालं म्हणून अकराचं तिकीट घेतलं आणि ते हुकलं, तर सहा जणांची नवी तिकिटं काढावी लागतील. तिथे बाकीची सगळी बचत संपते.

आता तो शेवटचा दीड किलोमीटर. सीएसएमटी ते बॅलार्ड पियरचं ग्रीन गेट. माझा रोजचा रस्ता. स्थानकाच्या बाहेर आलं की जीपीओची घुमटाची इमारत, तिच्या बाजूने वालचंद हिराचंद मार्ग गोदीच्या दिशेने जातो. तो धरायचा, शहीद भगतसिंग मार्ग ओलांडायचा, की बॅलार्ड इस्टेटच्या दगडी इमारती सुरू होतात. एका उंचीच्या, एका घाटाच्या. अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आताचा इंदिरा डॉक खोदताना निघालेली माती-दगड भरून ही जमीन तयार केली आणि तिच्यावर जॉर्ज विटेटने हा भाग आखला. गेटवे ऑफ इंडियाचा वास्तुकारही तोच. झाडं आहेत, पदपथ रुंद आहेत, रविवारी तर रस्ता रिकामाच असतो. चाकांची एक बॅग ओढत चालणाऱ्या धडधाकट माणसाला वीस मिनिटं पुरतात. मला विचाराल तर मुंबईतला हा सगळ्यांत सुंदर पायी रस्ता आहे. पण मे महिन्याच्या दुपारी, सासऱ्यांना आणि चार वर्षांच्या मुलाला घेऊन, तो चालायला मी सांगणार नाही. तिथे टॅक्सी करावी. भाडं किमान, फार तर पन्नास रुपयांच्या आत.

अडचण अशी, की जवळचं भाडं टॅक्सीवाले टाळतात. स्थानकासमोर उभं राहून "बॅलार्ड पियर" म्हटलं, की तीन जण मान हलवतात आणि चौथा दोनशे मागतो. मीटरने यायला नकार देणं हा मोटार वाहन कायद्याप्रमाणे गुन्हा आहे आणि वाहतूक पोलिसांकडे गाडीचा नंबर देऊन तक्रार करता येते. पण बोटीला जाणारा माणूस तक्रार करायला थांबत नाही, हे त्यांनाही ठाऊक असतं. यावर मी सुचवतो तो उपाय साधा आहे: हॉटेलवाल्याकडून टॅक्सी बोलवून घ्यावी. फोर्टातल्या हॉटेलांच्या दारातले टॅक्सीवाले नेहमीचे असतात, ते सहसा अडून बसत नाहीत. दोन टॅक्स्या लागल्या तरी शंभर रुपयांत काम होतं. खोली दहा-अकराला सोडावी लागते आणि बोटीवर दुपारी घेतात, तर मधल्या वेळेत बॅगा हॉटेलच्या काउंटरपाशी ठेवू देतात. आदल्या रात्रीच विचारून ठेवावं.

आणि टॅक्सीवाल्याला काय सांगायचं, हेही महत्त्वाचं. "बोटीला जायचंय" एवढंच म्हणालात, तर तो तुम्हाला गेटवेला नेईल. तिथून एलिफंटाच्या आणि मांडव्याच्या लाँचा सुटतात. "धक्क्यावर" म्हणालात, तर भाऊच्या धक्क्याला नेईल. तिथून मांडव्याला जाणारी रो-रो सुटते, आणि जुन्या माणसांच्या डोक्यात कोकणची बोट अजून तिथेच आहे. क्रूझ सुटते ती बॅलार्ड पियरहून, म्हणून "बॅलार्ड इस्टेट, ग्रीन गेट, क्रूझ टर्मिनल" अशी तिन्ही नावं सांगायची. तिकिटावर कोणतं गेट लिहिलं आहे ते तेवढं ताडून बघायचं. बंदर हा सुरक्षित भाग आहे. आधार कार्ड, बोटीचा पास बॅगेच्या तळाशी नको, हातात हवा.

भाचीचा हिशेब शेवटी असा झाला. अंधेरीचं हॉटेल रद्द करून तिने फोर्टात दोन खोल्या घेतल्या. येतानाची मेट्रो सहा जणांची जास्तीत जास्त 420. सीएसएमटी ते हॉटेल दोन टॅक्स्या शंभराच्या आत, हॉटेल ते ग्रीन गेट दोन टॅक्स्या शंभराच्या आत. परतीला ग्रीन गेट ते सीएसएमटी तेवढेच, आणि मेट्रो पुन्हा 420. सगळे मिळून बाराशेच्या आतबाहेर. सासऱ्यांचे गुडघे फार दुखले तर त्यांच्यासाठी आणि सासूबाईंसाठी सामानासह एक टॅक्सी करायची आणि बाकीच्यांनी मेट्रोने यायचं, असं आम्ही ठरवून ठेवलं. तरी रक्कम अडीच हजारांच्या वर जात नव्हती. सात हजार सांगितले होते.

नागपूर, कोल्हापूर, सोलापूर, नांदेडकडच्या लोकांना मी आणखी एक पर्याय आवर्जून सांगतो. विमानच कशाला? विदर्भ एक्सप्रेस, महालक्ष्मी, सिद्धेश्वर, देवगिरी या रात्रीच्या गाड्या सकाळी सीएसएमटीलाच येतात. दुपारच्या बोटीसाठी याहून सोयीचं काही नाही. हॉटेलची रात्र वाचते, विमानतळाची फेरी वाचते आणि तुम्ही बंदरापासून दीड किलोमीटरवर उतरता. स्थानकावरच्या क्लोक रूममध्ये कुलूप लावलेल्या बॅगा ठेवता येतात. गाडी तीन-चार तास उशिरा आली तर काय, हा प्रश्न खरा आहे. ज्याला ती काळजी सोसत नाही, त्याने एक दिवस आधी यावं.

नवी मुंबईच्या नव्या विमानतळावर उतरणाऱ्यांचं गणित वेगळं. डिसेंबर 2025 पासून तिथून विमानं सुरू झाली. गाडीने यायचं तर अटल सेतू. समुद्रावरचा हा पूल शिवडीला उतरवतो आणि तिथून पूर्वेच्या बाजूनेच बंदर गाठता येतं. दादर-परळच्या गर्दीत शिरावंच लागत नाही. पण सेतूचा एका बाजूचा टोल गाडीला 250 रुपये आहे. तो भाड्यात धरला आहे का, हे गाडीत बसण्याआधी विचारावं. नाहीतर बेलापूर किंवा पनवेलपर्यंत येऊन हार्बरची लोकल धरावी. ती थेट सीएसएमटीला येते, तिकीट वीसेक रुपये, वेळ सव्वा तासाच्या पुढे.

गोव्याला उतरणाऱ्यांसाठी दोन ओळी. बोट मुरगाव बंदराला लागते, वास्कोजवळ. दाबोळी विमानतळ तिथून अगदी जवळ आहे आणि मोपा पन्नासाहून अधिक किलोमीटर. विमानाचं तिकीट शोधताना दोन्ही "गोवा" म्हणूनच दिसतात. मोप्याचं तिकीट हजार रुपयांनी स्वस्त दिसलं, तरी तिथपर्यंतची टॅक्सी ते हजार आणि वर आणखी काही खाऊन टाकते. उत्तर गोव्यात दोन दिवस राहून मग परतणार असाल, तर मोपा सोयीचं. कदंबच्या सरकारी बसगाड्या दोन्ही विमानतळांहून पणजी-मडगावकडे जातात आणि त्या चांगल्या आहेत. वास्को-पणजी, वास्को-मडगाव या मार्गांवर तर कदंबची सेवा गोवेकर रोज वापरतात. मडगावहून कोकण रेल्वेने परत यायचं असेल, तर ही बस कुटुंबाला परवडते.

एक जुनी गोष्ट सांगावीशी वाटते. बॅलार्ड पियरवर एके काळी रेल्वेचं स्टेशन होतं, बॅलार्ड पियर मोल. 1912 साली सुरू झालेली पंजाब लिमिटेड, म्हणजे आजची पंजाब मेल, तिथून सुटायची. विलायतेहून आलेल्या टपालबोटीतून उतरायचं, फलाटावर उभ्या गाडीत बसायचं आणि दिल्ली-पेशावरकडे जायचं. अर्थात ती सोय साहेबासाठी आणि त्याच्या टपालासाठी होती. पण बोट आणि गाडी एकमेकींच्या वेळेला बांधलेल्या असाव्यात, ही समज शंभर वर्षांपूर्वी याच धक्क्यावर होती.

सप्टेंबर 2025 मध्ये इंदिरा डॉकवर नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन झालं. वर्षाला दहा लाख प्रवासी आणि एकाच वेळी पाच बोटी हाताळण्याची त्याची क्षमता सांगितली जाते. काही आठवड्यांतच मेट्रो सीएसएमटीला पोचली. दोन्ही कामं मोठी आहेत आणि मला दोन्हींचा अभिमान आहे. त्यांच्या मधल्या दीड किलोमीटरसाठी आता एक लहान बस हवी. सामान ठेवायला खालच्या पातळीचा मजला, सीएसएमटीच्या मेट्रोच्या दारातून सुटणारी, हुतात्मा चौकावरून ग्रीन गेटपर्यंत जाणारी. बोटीच्या दिवशी सकाळी सात ते दुपारी चार, दर पंधरा मिनिटांनी. बेस्टचं वातानुकूलित बसचं किमान भाडं 12 रुपये आहे. त्याच्या दुप्पट घेतले तरी लोक आनंदाने देतील. बोटी कोणत्या दिवशी लागणार हे बंदराला महिनोन् महिने आधी माहीत असतं, म्हणजे वेळापत्रक बसवायला अडचण नाही. मी तसं पत्र बंदर प्राधिकरणाला आणि बेस्टला, दोघांनाही लिहिलं आहे. बोटीने जाऊन आलेल्या कुटुंबांनीही लिहावं. कोणत्या दिवशी, किती माणसं, किती बॅगा आणि धक्क्यापर्यंत किती रुपये पडले, एवढंच लिहिलं तरी पुरे.